टाके विरघळले म्हणून तालीम सुरू करू नका: लिंगातल्या इम्प्लांटनंतर व्यायाम आणि अंगाला भिडणारे खेळ

ताठपणा येण्यासाठी लिंगात इम्प्लांट बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण पाचव्या आठवड्यात सूज उतरलेली असते, टाके विरघळलेले असतात, दुखणंही जवळपास थांबलेलं असतं. जिमची बॅग नेमकी याच आठवड्यात बाहेर निघते आणि बऱ्याच गडबडींची सुरुवात इथेच होते. कातडी बाहेरून भरली तरी आत बसवलेल्या भागांभोवती शरीर एक पातळ, चिवट वेष्टन तयार करत असतं. ते धरायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुढे काही महिने ते घट्ट होत जातं. पोटातली टाकी आणि अंडकोशातला पंप जागेवर राहतात ते मुख्यतः या वेष्टनामुळे. खाली दिलेलं वेळापत्रक त्याच्या गतीनं लावलेलं आहे. तुमच्या सर्जननं याहून उशिराची तारीख दिली असेल तर तीच पाळा. मधुमेह असेल, किंवा जुना इम्प्लांट काढून नवा बसवला असेल, तर प्रत्येक टप्पा दोन-तीन आठवडे पुढे ढकला.

आत काय बसवलंय ते आधी नीट कळू द्या

फुगवता येणारा इम्प्लांट १९७३ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला ब्रँटली स्कॉट यांनी पुढे आणला. आज तीन भागांचे जे इम्प्लांट बसवतात (एएमएस ७००, टायटन वगैरे), त्यांचं तत्त्व तेच आहे. लिंगाच्या दोन्ही नळकांड्यांत दोन सिलिंडर, अंडकोशात खारकेएवढा पंप आणि ओटीपोटात सलाइनच्या पाण्यानं भरलेली टाकी. पंप दाबला की टाकीतलं पाणी सिलिंडरमध्ये जाऊन लिंग ताठ होतं, पंपावरचं बटण दाबलं की ते परत टाकीत येतं. टाकी ६५ ते १२५ मिलिलिटरच्या वेगवेगळ्या मापांत येते. दोन भागांच्या प्रकारात पोटातली टाकी नसते.

तिसरा प्रकार वाकवता येणाऱ्या दांड्यांचा. त्यात पंप नाही, टाकी नाही, पाणी नाही. भारतात खर्चामुळे हा प्रकार बराच वापरला जातो आणि मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट (पुरुषांच्या लैंगिक आजारांचे डॉक्टर) डॉ. रूपिन शाह यांनी विकसित केलेला शाह इम्प्लांट याच जातीचा.

खेळाडूनं आपल्या सर्जनकडून चार गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. टाकी कुठे ठेवली आहे: जघनास्थीच्या मागे मूत्राशयाशेजारी, की पोटाच्या स्नायूंखाली वरच्या बाजूला? पंप डावीकडे आहे, उजवीकडे की मधोमध? आपोआप फुगू नये म्हणून रोधक झडप आहे का? छेद लिंग आणि अंडकोश यांच्या सांध्यावर घेतला की वर, जघनाच्या हाडाजवळ? पहिलं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं. प्रोस्टेट काढलेल्या माणसात मूत्राशयाजवळची जागा चिकटलेली असते, म्हणून टाकी बऱ्याचदा स्नायूंखाली जाते. सडपातळ, कसलेल्या पोटाच्या माणसाला ती तिथे हाताला लागू शकते आणि समोरच्याचा गुडघा किंवा खांदाही तिला लागू शकतो.

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर मग आपण कुस्ती, कबड्डी किंवा बॉक्सिंग खेळतो हे सर्जनला आधीच सांगा. लाजून गप्प बसलात तर निवड तुमचा खेळ विचारात न घेता होईल. टाकी कुठे ठेवायची, तीन भागांचा इम्प्लांट घ्यायचा की दोन भागांचा, की सरळ दांड्या, हे सगळं या एका माहितीनं बदलू शकतं.

पहिले दोन आठवडे

लघवीची नळी आणि निचऱ्याची नळी बहुधा दुसऱ्या दिवशी निघते. लिंग पोटाकडे वर वळवून घट्ट चड्डीत ठेवायला सांगतात. ते पाळा, नाहीतर बरं होताना खालच्या दिशेचा बाक राहू शकतो. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, थेट कातडीवर नको.

तिसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा चाला. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस सपाट रस्त्यावर सलग अर्धा तास जमायला हरकत नाही. अंडकोश जड वाटायला लागला, ठणकायला लागला, की त्या दिवसाचं चालणं संपलं.

वजनाची मर्यादा चार ते पाच किलो. आकडा ऐकताना डंबेल डोळ्यांसमोर येतो, पण खरी फसवणूक घरात होते. बादली भरली की पंधरा किलोच्या पुढे जाते. भरलेला गॅस सिलिंडर सुमारे तीस किलोचा. मोटारसायकल मेन स्टँडवर चढवणं हा तर या काळातला सर्वांत वाईट व्यायाम, कारण त्यात पोट आवळतं, श्वास कोंडतो आणि सगळा जोर एका झटक्यात ओटीपोटावर येतो. किक मारायचीही नाही. तीन वर्षांच्या पोराला कडेवर घेणं हेही वजन उचलणंच आहे.

पोटातला दाब वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कुंथणं. वेदनाशामक गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं. रात्री इसबगोल, दिवसभर पाणी, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून रेचक, आणि जमेल तर उकिडवं बसण्याऐवजी कमोड. दमेकऱ्यानं आणि तंबाखूच्या खोकल्यावाल्यानं खोकल्याचा बंदोबस्त शस्त्रक्रियेआधीच करून ठेवावा.

तिसरा ते सहावा आठवडा

या काळात इम्प्लांट पूर्ण उतरवलेला ठेवतात, म्हणजे पाणी सगळं टाकीत. त्यामागे कारण आहे. टाकी भरलेली असेल तर वेष्टन तिच्या पूर्ण मापाचं बनतं. ती अर्धी रिकामी असताना वेष्टन धरलं तर खिसा लहान राहतो आणि पुढे पोट आवळलं की जादा पाणी आपोआप सिलिंडरमध्ये जातं. बैठका मारताना लिंग अर्धवट ताठ होण्याची तक्रार पुष्कळदा इथून येते.

दुसरा धोका जास्त गंभीर. वेष्टन कच्चं असताना जोरात दाब आला तर टाकी जांघेच्या वाटेनं बाहेर सरकू शकते. हर्नियासारखीच ही भानगड. फक्त आतड्याच्या जागी सिलिकॉनची पिशवी. हे झालं तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. सहा आठवडे वजनाला हात लावू नका असं जे सांगतात ते या एका गोष्टीसाठी.

चालणं पंचेचाळीस मिनिटांपर्यंत वाढवा, जिने हळूहळू चढा. खुर्चीत बसून हलक्या रबरी पट्ट्यानं खांदे आणि दंड हलवता येतात, मात्र मोठ्यानं आकडे मोजत, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. ट्रेडमिलवर चढ न देता चालणं चालेल. जिममधली बसायची सायकल नको.

योग करणाऱ्यांची इथे हमखास चूक होते. अनुलोम-विलोम, भ्रामरी ठीक आहे, पण कपालभातीत पोटाला दर मिनिटाला पन्नास-साठ हिसके बसतात, आणि ‘प्राणायामच तर आहे’ म्हणून लोक दहाव्या दिवशी सुरू करतात. कपालभाती, भस्त्रिका, नौली, नौकासन, मयूरासन हे सगळं आठ आठवड्यांनंतर. पोटावर झोपून करायची भुजंगासन, शलभासन, धनुरासनही तोवर बंद. सूर्यनमस्कारात अष्टांगाची स्थिती येते, म्हणून पूर्ण नमस्कारही नाही.

पंप खाली राखणं हे या टप्प्यातलं दुसरं काम. सर्जननं दाखवल्याप्रमाणे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रोज अंघोळीच्या वेळी पंप हलक्या हातानं अंडकोशात खाली ओढायचा. वेष्टन धरेपर्यंत पंप जिथे असेल तिथेच तो कायमचा बसतो. वर, लिंगाच्या मुळाशी अडकला तर पुढे बटण सापडायला त्रास होतो आणि लंगोट किंवा गार्ड घातला की तो थेट हाडावर दाबला जातो.

दुचाकी चालवायला बहुतेकांना चार आठवड्यांनी परवानगी मिळते. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांकडे बघता सहा धरावेत.

पंप चालू करण्याचा दिवस

चार ते सहा आठवड्यांच्या दरम्यान दवाखान्यात पंप पहिल्यांदा चालवून दाखवतात. त्याच दिवशी एका वहीत नोंद करा: पूर्ण ताठपणाला पंप किती वेळा दाबावा लागतो, आणि उतरवताना बटण किती सेकंद धरावं लागतं. हा तुमचा मूळ आकडा. पुढे कधी मार बसला तर काही बिघडलंय का हे सर्वांत आधी हाच आकडा सांगेल. वीस दाबांत होणारं काम पस्तीस दाबांतही होत नसेल तर कुठेतरी गळती आहे.

नंतर काही आठवडे रोज एकदा-दोनदा फुगवून दहा-पंधरा मिनिटांनी उतरवायला सांगतात. त्यानं वेष्टन मऊ राहतं. उतरवताना नुसतं बटण सोडून देऊ नका. बटण काही सेकंद दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं लिंग दाबून उरलेलं पाणी परत टाकीत पाठवा. व्यायामाआधी ही कृती सवयीची व्हायला हवी. अर्धवट फुगलेला सिलिंडर घेऊन धावायचं किंवा खेळायचं नाही. त्यावर घाव बसला तर वाकण्याचा, घासण्याचा आणि टोकाला रुतण्याचा धोका वाढतो.

सहा ते बारा आठवडे: मैदानाबाहेरची तयारी

त्याआधी हृदयाची एक चाचणी. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन-चार. रक्तवाहिन्यांचा आजार म्हणून पहिल्यांदा ताठपणात दिसतो आणि छातीत काही वर्षांनी. ज्यांना इम्प्लांट लागला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह, रक्तदाब किंवा दोन्ही असतात. चाळिशीच्या पुढच्या माणसानं जोराच्या व्यायामाला परतण्याआधी ईसीजी आणि टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची चाचणी) करून घ्यावी. इम्प्लांटच्या नादात ही तपासणी राहून जाते आणि ती राहून जाणं जास्त महागात पडतं.

सहाव्या आठवड्यापासून हलकं धावणं: एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. आत घट्ट कॉम्प्रेशन शॉर्ट, लिंग वर पोटाकडे. पंप मांड्यांच्या मध्ये घासला जात असेल तर शॉर्ट सैल आहे.

वजनं शस्त्रक्रियेपूर्वी उचलत होता त्याच्या चौथ्या हिश्शापासून. आधी मशीन, मग डंबेल, बार सर्वांत शेवटी. दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ पुरे. जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास रोखून मारलेला एक जड स्क्वॉट पोटात जो दाब तयार करतो तो दहा हलक्या स्क्वॉटनं होत नाही. डेडलिफ्ट, जड स्क्वॉट, लेग प्रेस बारा आठवड्यांनंतर. कमरेचा पट्टा आवळून बांधण्याची सवय असेल तर तो टाकीच्या जागेवर येत नाही ना ते पाहा. स्नायूंखालच्या टाकीवर तो नेमका येतो.

जोर-बैठकांत आधी बैठका, त्याही अर्ध्या, भिंतीला पाठ लावून. दंड नवव्या-दहाव्या आठवड्यापासून, पहिले काही दिवस गुडघे टेकवून. क्रंच आणि प्लँक त्यानंतर. यातलं काहीही करताना लिंग फुगल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा, पूर्ण उतरवा आणि आठवडाभर तो व्यायाम सोडा. तरी पुन्हा होत असेल तर सर्जनला दाखवा.

पोहणं जखम पूर्ण भरल्यावर, म्हणजे सहा आठवड्यांनंतर, आणि आधी क्लोरीन टाकलेल्या तलावात. विहिरीत, नदीत, शेततळ्यात आठ आठवड्यांपर्यंत नको. काठावरून उडी, विशेषतः पाय फाकवून मारलेली, तीन महिन्यांनंतर.

सायकलचा वेगळा विचार करावा लागतो. सिलिंडरची मागची टोकं अंडकोशाच्या मागे, बसायच्या हाडांपर्यंत गेलेली असतात, आणि अरुंद सीट नेमकी तिथेच दाबते. आठ आठवडे अजिबात नाही. नंतर रुंद, मधोमध खाच असलेली सीट, तिचं नाक किंचित खाली. सुरुवात पंधरा मिनिटांची आणि दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहायचं. मुंग्या आल्या किंवा बधिरपणा आला तर सीट बदलेपर्यंत सायकल बंद. लघवीसाठी कृत्रिम झडप बसवलेली असेल तर सायकलचा विषय सर्जनशी बोलल्याशिवाय काढूच नका. घोडेस्वारीलाही हेच नियम, वर उसळीचे धक्के.

आणि ढोल. पुण्या-मुंबईच्या पथकांत ढोल कमरेला बांधतात, त्याचा भार आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का ओटीपोटावर आणि मांड्यांच्या सांध्यावर येतो. खेळात त्याची गणना कोणी करत नाही, पण शरीराला तो तासन्‌तासचा मार आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने ढोल नको. ताशा किंवा झांज घ्या. गणपतीला वाजवायचं असेल तर शस्त्रक्रियेची तारीख त्या हिशेबानं ठरवा.

अंगाला भिडणारे खेळ: बाराव्या आठवड्यानंतर

कंपन्यांच्या रुग्णपुस्तिकांत ओटीपोटाला किंवा जांघेला खेळात मार बसल्यास इम्प्लांट बिघडू शकतो असा इशारा दिलेला असतो. काही सर्जन तीन महिन्यांनी संरक्षण घालून परवानगी देतात, काही बॉक्सिंग-कुस्तीला कायमचं नाही म्हणतात. आमचं मत असं की स्पर्धेतली कुस्ती, किकबॉक्सिंग आणि मल्लखांब यांचा फेरविचार करावा. कबड्डी, फुटबॉल, हॉकी, क्रिकेट नीट तयारीनं खेळता येतात.

तयारीचा गाभा म्हणजे गार्ड. क्रिकेटचा साधा प्लॅस्टिकचा गार्ड सपोर्टरच्या खिशात बसतो, पण इम्प्लांटवाल्यानं तो मापून घ्यायला हवा. गार्डची कड जघनाच्या हाडावर आणि जांघेच्या बाजूंना टेकली पाहिजे, आतली पोकळी पंपाला कुठेही शिवता कामा नये. उथळ गार्ड पंपाला हाडावर दाबतो आणि मग बॉल लागला की तो धक्का थेट पंपाला जातो. असा गार्ड वापरू नका. घरी चाचणी करा: इम्प्लांट पूर्ण उतरवा, गार्ड घाला, वीस मिनिटं उड्या, बैठका, बाजूला झेपा. काढल्यावर कातडीवर लाल रेघ कुठे उठली ते बघा. रेघ पंपावर किंवा नळीवर असेल (नळी बोटाला बारीक दोरीसारखी लागते) तर एक माप मोठा घ्या. बॉक्सिंग आणि तायक्वांदोचे कमरेला बांधायचे गार्ड जास्त खोल असतात आणि कबड्डीच्या सरावालाही चालतात.

दांड्यांचा इम्प्लांट असेल तर अडचण वेगळी. पोटातल्या दाबाची चिंता जवळपास नाही, त्यामुळे वजनं थोडी लवकर सुरू होतात. पण दांड्या कायम कडक असतात. गार्डच्या आत टोक रुतत राहिलं तर आतून कातडी किंवा मूत्रमार्ग झिजत जातो, आणि मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या माणसाला ते दुखतही नाही. लिंग पोटाकडे वर ठेवा, मोठ्या मापाचा गार्ड घ्या आणि प्रत्येक सरावानंतर टोकाची कातडी डोळ्यांनी तपासा. पांढुरकी, ताणलेली किंवा पातळ दिसली तर खेळ बंद.

परत येण्याच्या पायऱ्या अशा: पहिले दोन आठवडे संघाबरोबर धावणं, पदलालित्य, अंगाला हात न लावता डाव. पुढचे दोन आठवडे ओळखीच्या एकाच जोडीदारासोबत ठरवून, अर्ध्या वेगानं पकड. त्यानंतर सरावसामना, पहिल्यांदा दहा मिनिटांचा. प्रत्येक पायरीनंतरच्या सकाळी तीन गोष्टी पाहा: अंडकोशावर नवी सूज आहे का, पंप रोजच्या जागी लागतो का, मूळ आकड्याइतक्याच दाबांत फुगतो का. तिन्ही ठीक असतील तरच पुढची पायरी.

कबड्डीत चढाईपटूला धोका कमरेच्या आणि मांडीच्या पकडीत, कारण खाली पडताना चार-पाच जण अंगावर येतात. डुबकी मारताना ओटीपोट मॅटवर घासतं. पहिल्या मोसमात बचावात, कोपऱ्याला खेळलेलं बरं, आणि साखळीत पुढे न जाता.

कुस्तीत पट काढायला आलेल्या जोडीदाराचं डोकं आणि खांदा नेमका जांघेत घुसतो, आणि मातीतल्या कुस्तीत जांघिया धरून ओढलंही जातं. वर लंगोट. पैलवान लंगोट कसून बांधतो, इतका की अंडकोश वर दाबला जातो. पंप असलेल्या माणसानं तो एक पदर सैल बांधावा, आत पंपासाठी जागा ठेवावी. आखाड्याची माती ताक, हळद, लिंबू, तेल घालून कितीही मळलेली असली तरी निर्जंतुक नसते. तीन महिन्यांच्या आत, किंवा नंतरही जांघेत ओरखडा असेल तेव्हा, मातीत उतरू नका. मार्गदर्शन, जोर, करेला, दोरावर चढणं यांत तालमीचा पुष्कळ आनंद उरतो. दोर मात्र पायांच्या कैचीनं, जांघेत दाबून चढायचा नाही.

मल्लखांबाचं तर रूपच मांड्यांनी आणि जांघेनं खांब धरण्याचं. खांबावरून घसरताना पंप आणि हाड यांच्यामध्ये काही उरत नाही. पुरलेल्या मल्लखांबावर पुन्हा चढू नका; शिकवायला उभे राहा.

दहीहंडीत खालच्या थरात खांद्यावर दोन माणसांचा भार घेऊन श्वास रोखला जातो, वरच्या थरातून कोसळताना पाय कुठेही पडतात. एक वर्ष दोन्ही नको.

मार बसला तर

थांबा, बसा, गार्ड काढा. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. लगेच फुगवून बघायचा मोह होतो, तो टाळा. आत रक्त साठत असेल तर त्यात भर पडते. त्यानंतर काय दिसतं त्यावर पुढचं अवलंबून.

अंडकोश तासाभरात वाढत चालला, निळा-काळा पडला, लघवीतून किंवा मूत्रमार्गातून रक्त आलं, लघवी अडली: त्याच रात्री रुग्णालयात जा. जांघेत नवी गाठ, खोकल्यावर फुगणारी, ही सरकलेली टाकी असू शकते. दाबून आत ढकलू नका, आडवे पडा आणि सर्जनला फोन करा. नुसतं दुखणं आणि थोडी सूज असेल तर दोन दिवस विश्रांती, सूज उतरल्यावर पंप चालवून मूळ आकड्याशी ताडून बघा.

फुगतच नसेल तर घाबरायची गरज नाही. पाणी सलाइनचं असतं, गळलं तरी शरीर शोषून घेतं. ही घाईची शस्त्रक्रिया नाही, पण शस्त्रक्रिया आहे.

काही आठवड्यांनी हळूहळू येणारी लक्षणं जास्त फसवी. पंपावरची कातडी त्याला चिकटल्यासारखी, सरकत नाहीशी वाटणं, एकाच जागी सतत दुखणं, लालसरपणा, बारीक ताप, कुठून तरी पू. इम्प्लांटवर जंतूंचा थर एकदा बसला की नुसत्या गोळ्यांनी तो सहसा हटत नाही आणि बहुधा सगळं काढावं लागतं. मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) ताब्यात ठेवणं हा गार्डइतकाच आवश्यक भाग आहे.

घामाचंही बघा. ओला सपोर्टर, ओला लंगोट, दमट हवा म्हणजे जांघेत गजकर्ण. खाजवून कातडी फुटली की जंतूंना दार उघडलं. सरावानंतर लगेच धुऊन कोरडं व्हा, सपोर्टर रोज धुतलेला घ्या, दुसऱ्याचा कधीही नको. औषधाच्या दुकानातून मिळणारं तिहेरी-चौहेरी मिश्रणाचं मलम लावू नका. त्यातल्या स्टिरॉइडनं खाज थांबते, नायटा पसरतो आणि कातडी पातळ होते, जी पंपावर पातळ व्हायला नको आहे.

कोणाला सांगायचं

संघाला कारण सांगायची सक्ती कोणाचीच नाही. ‘हर्नियासारखं ऑपरेशन झालंय, तीन महिने वजन आणि पकड बंद’ एवढं वस्तादांना पुरतं आणि ते फारसं खोटंही नाही. पण मैदानावर सोबत असणाऱ्या एका तरी माणसाला खरं माहीत असू द्या आणि इम्प्लांटचं कार्ड पाकिटात ठेवा. अपघात झाला, शुद्ध गेली आणि आकस्मिक विभागात कोणी लघवीची नळी घालायला आलं, तर त्याला सिलिंडर आधी उतरवायला हवं आणि नळी बारीक घ्यायला हवी हे कळलं पाहिजे.

हर्नियाची शस्त्रक्रिया कधी करावी लागली तर कार्ड त्या सर्जनच्या हातात द्या, कारण नळी जांघेच्या वाटेनंच टाकीकडे गेलेली असते. इम्प्लांट दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागू शकतो. त्या वेळी जुनी टाकी पाणी काढून कधी कधी आतच ठेवतात आणि नवी दुसऱ्या बाजूला बसवतात. दोन टाक्या आहेत हे त्या कार्डावर लिहून घ्या, आणि वेळापत्रक पुन्हा पहिल्या आठवड्यापासून लावा.